मापाडीमामांचं पाचवं हळकुंड

मापाडीमामा भरल्या पोत्याला हलकी थाप मारायचे आणि वजन सांगून मोकळे व्हायचे. मग काट्यावर चढवलं तर फरक फार तर अर्ध्या किलोचा. आईचे हे धाकटे भाऊ हिंगोलीच्या मोंढ्यात, म्हणजे घाऊक बाजारात, जन्मभर हळद मोजत आले. मोजताना पहिल्या पोत्याला त्यांनी कधी ‘एक’ म्हटलं नाही. जुन्या रीतीप्रमाणे पहिलं माप ‘लाभ’, मग दोन, मग तीन. घरी आंबे वाटतानाही सुरुवात लाभनेच व्हायची, आणि तो पहिला आंबा भाचा म्हणून माझ्या हातात पडायचा.

“काटा हालतोय तवर आकडा बोलू न्हाई,” हे त्यांचं नेहमीचं सांगणं. व्यापारी घाई करत, शेतकरी चुळबुळत, आणि मामा दोघांकडे न बघता काट्याकडे बघत उभे राहत.

अशा माणसाला सत्तरीत डायलिसिस लागलं. मुलगा पुण्याला, त्यामुळे शिरड शहापूरच्या घरून हिंगोलीला आठवड्यातून तीनदा नेण्याआणण्याचं काम माझ्याकडे आलं. माझं झेरॉक्सचं दुकान त्या दिवशी बंद. मशीनवर चार तास पडून राहणं मामांना सोसेना. पाय हलवायचे, चादर चुरगाळायचे, दर पाच मिनिटांनी “किती राहिलं?” विचारायचे. मी आधीच तापट; तिसऱ्यांदा विचारलं की माझं उत्तर तुटक व्हायचं.

लघवी जवळजवळ बंद, त्यामुळे प्यायलेलं पाणी अंगातच साठायचं. दिवसाला पाच लहान पेले, त्यावर थेंब नाही, असा नियम होता. मशीन लावण्याआधी वजन व्हायचं. काट्यावर चढण्यापूर्वीच मामा सांगायचे, “आज दोन किलो चढलं बघ,” आणि काटा तेच म्हणायचा. नर्सबाईंना त्याचं भारी कौतुक होतं.

मग त्या उन्हाळ्यात एकदा मामा दोन म्हणाले आणि काट्याने साडेचार दाखवले. पुढच्या खेपेला तेच. धाप लागलेली, पाय सुजलेले. असंच पाणी चढत राहिलं तर छातीत भरेल आणि माणूस वाटेतच जाईल, असं डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं. मी घाबरलो, आणि घाबरलो की मला राग येतो. सगळ्या पेशंटांसमोर मी म्हणालो, “मामा, चोरून पिता ते पिता, वर खोटं काहून बोलता?”

मामा काट्यावरून हळूच उतरले. “म्या खोटं माप कधी सांगितलं न्हाई,” एवढंच बोलले. परतीच्या वाटेवर सबंध वेळ गाडीची काच वर-खाली करत राहिले.

दुसऱ्या दिवशी त्यांना रंगेहाथ पकडायचं म्हणून मी दुपारभर ओसरीवर बसलो. मामा माठापाशी आले, पेला भरला, “लाभ” म्हणाले आणि प्यायले. अंगणात दोन फेऱ्या मारल्या. परत आले, पेला भरला. “लाभ.” पुन्हा फेऱ्या. पुन्हा “लाभ”. दोन कधी आलंच नाही. त्यांच्या हिशेबी प्रत्येक पेला पहिलाच होता. मी तिथूनच डॉक्टरांना फोन लावला.

किडनीच्या म्हाताऱ्या पेशंटांमध्ये असं विस्मरण बरेचदा होतं, आपण सगळे वजनच बघत राहतो आणि डोकं कुणी तपासत नाही, असं डॉक्टर म्हणाले. मी तर त्यांचा भाचा, रोजचा सोबती. मीही काटा थांबायच्या आत आकडा बोललो होतो. माफी मागायला गेलो, तर मामांना भांडणच आठवत नव्हतं. माझी माफी माझ्यापाशीच राहिली.

उपाय मामीने शोधला. मोंढ्यात दर दहा पोत्यांमागे मामा एक हळकुंड बाजूला ठेवायचे, मोजणी चुकू नये म्हणून. तिने ताटलीत पाच हळकुंडं मांडली, शेजारी रिकामी वाटी. पेला प्यायचा, हळकुंड वाटीत टाकायचं. ताटली रिकामी झाली की दिवसाचं पाणी संपलं. डोकं विसरलं होतं, हाताला मात्र ते बराबर आठवलं. वजन खाली आलं. बाकीचं मात्र डोक्यातून जात राहिलं. मुलाचं नाव गेलं, मोंढा गेला, शेवटी मीही गेलो.

जूनच्या अखेरीस मामा वारले. त्याच्या आठवडाभर आधी उन्हातून तापून मी त्यांच्याकडे गेलो होतो. मामी शेजारी गेली होती. ताटलीत एकच हळकुंड उरलेलं, आणि दिवस अजून बराच बाकी. मामांनी मला निरखून पाहिलं.

“लांबून आले जी पाहुणे,” म्हणाले. “बसा.”

जन्मभर मला अरेतुरे करणारा माणूस. त्यांनी माठातून पेला भरला, “लाभ” म्हणत माझ्या हातात दिला आणि मी पिईपर्यंत समोर उभे राहिले. मग रिकामा पेला घेतला, ताटलीतलं शेवटचं हळकुंड उचललं आणि वाटीत टाकलं.

ते तुम्ही प्यायला नाहीत, असं मी दोनदा सांगितलं. त्यांनी नकारार्थी मान हलवली. ओठ कोरडे पडले होते. संध्याकाळपर्यंत ते माठाभोवती येरझाऱ्या घालत राहिले, दर वेळी ताटलीत डोकावले, आणि पाण्याला हात न लावता परत फिरले.