खाडा चालणार नाही

जिथे लोक कामाला असतात तिथे किस्से होतातच. आमच्याकडे तर लोक कामाला लागायच्या आधीच सुरू होतात. मसोलीतलं आमचं लहानसं ऑफिस पाड्यांवरच्या लोकांना नोकरी मिळवून देतं आणि एसटी नसेल तिथे आमच्या गाडीने पोचवतंही. हे दुसरं काम पहिल्यापेक्षा अवघड आहे. नोकऱ्या अच्छाडला हायवेवर, माणसं कैनाडच्या आतल्या पाड्यांत. मधे आमची एक गाडी, आणि गाडीत रमणभाई ड्रायव्हर.

* * *

आमचे देसाई सर निवृत्त शिक्षक. 'कामावर वेळेवर कसं पोचावं' यावर त्यांनी दहा वाजता क्लास ठेवला. लोक साडेसातपासून पायरीवर बसलेले, कारण बस तेवढी एकच. सर आले सव्वादहाला.

मागून एकाने काळजीने विचारलं, "सर, बस चुकली का?"

सरांचं घर ऑफिसच्या वरच आहे.

* * *

मग इंटरव्ह्यूचा सराव. सर म्हणाले, "तुमचा वीकनेस काय, असं विचारलं तर घाबरायचं नाही. खरं सांगायचं."

एक पोरगा जाऊन इंटरव्ह्यू देऊन आला. सरांनी विचारलं, "वीकनेस काय सांगितलास?"

"संध्याकाळी सहानंतर आमच्याकडे बस नाही."

त्याला घेतलं. दिवसपाळीला.

* * *

रमणभाई रस्त्यात कुणीही हात दाखवला की थांबतात. सरांनी बजावलं, "फक्त कामावर जाणाऱ्यांनाच घ्यायचं." दुसऱ्या दिवशी गाडीत एक म्हातारा, मांडीवर कोंबडा.

"हे कोण?" सरांनी विचारलं.

"कामावर जाय छे," रमणभाई आपल्या गुजरातीत म्हणाले. "तलासरीच्या बाजारात."

"आणि कोंबडा?"

"ए पण."



* * *

आता जमनाचं. जमना कैनाडची. दरवर्षी दिवाळी झाली की सगळं घर वीटभट्टीवर जायचं आणि मुलीची शाळा सुटायची. अच्छाडच्या एका कंपनीत पॅकिंगला तिचा नंबर लागला. ही नोकरी टिकली तर यंदा कुणी कुठे जाणार नव्हतं. मला स्वतःला ती टिकायला हवीच होती.

पहिल्या सकाळी मी तिला घ्यायला गेले, तर जमना यायच्या आधीच गाडीत अर्धा पाडा चढून बसला.

"कामाला जमना एकटीच लागलीय ना?" मी विचारलं.

"ती कामाला, आम्ही कंपनी बघायला," तिची सासू लखीआजी म्हणाली. "पोरगी देताना घर बघत नाहीत?"

सुपरवायझर लातूरकडचा, तरुण. त्याने निमूटपणे सगळं दाखवलं. आजीने पाणी पिऊन पाहिलं, संडास पाहिला आणि त्याच्यासमोर येऊन उभी राहिली.

"तू बायांवर ओरडतोस?"

"कधी कधी," तो म्हणाला.

"खरं बोलतो," आजीने मागे वळून सगळ्यांना सांगितलं. कंपनी पास झाली.

त्यानेही आपली अट सांगितली. पहिला महिना एकही खाडा चालणार नाही. खाडा झाला की नाव कमी.

* * *

महिना संपत आला आणि जमनाला ताप भरला. हे आम्हाला कळलं ते सुपरवायझरच्या फोनवरून.

"मॅडम, जमनाच्या जागेवर दुसरीच बाई बसलीय. उठत नाहीये."

आम्ही धावत गेलो. लखीआजी टेबलाशी बसून खोके चिकटवत होती. पाड्यावर भातलावणीला कुणी आजारी पडलं तर घरातलं दुसरं जातं, काम अडत नाही. आजीने तेच केलं होतं.

देसाई सर माफी मागायला लागले. सुपरवायझर खरंच वैतागला होता. "आजी, नोकरी जमनाची आहे. तिच्या जागी तुम्ही येऊन चालत नाही. मी खाडाच लावणार."

"खाडा कसला? मी आलेय ना?" आजीचा हात चालूच होता. "तुला ताप आला तर तुझ्या जागी कोण येतं?"

"कोणी नाही. मीच येतो."

आजीचा हात थांबला. तिने त्याच्याकडे नीट पाहिलं.

"घरात कोणी नाही का रे तुला?"

त्याने हजेरीची वही ओढली. जमनाच्या नावापुढे खूण केली. मग म्हणाला, "बरी झाली की पाठवा तिला. कामावर आहे ती."