तिचा कोड माझ्या फोनवर

इकडे हिंदी मुलखात, समता कॉलनीतल्या एका तपासणी लॅबमध्ये मी कॉम्प्युटर सांभाळतो. मधे कुणीतरी आमच्या एका खात्यात घुसून पेशंटचे रिपोर्ट उघडले, आणि डॉक्टरसाहेबांनी फर्मान काढलं की सगळ्यांच्या खात्यांना दुहेरी पडताळणी लावा. म्हणजे पासवर्ड टाकला की मोबाईलवर कोड येणार, तो भरला तरच आत. मी एकेकाला बोलावून नंबर टाकत गेलो.

काउंटरवर रिपोर्ट देणारी मुलगी ब्राह्मणपारा वस्तीतून यायची. माहेर वर्ध्याकडचं, मला भैया म्हणायची. तिनं नंबर सांगितला तो नवऱ्याचा.

"माह्याजवळ फोन नाही, भैया. घरी एकच हाय, तो ते घेऊन जातात."

स्क्रीनवर लिहिलेलं असतं, हे तुम्हीच आहात याची खात्री करायची आहे. आता ही तीच आहे हे नवऱ्याच्या खिशातून ठरणार! मी नंबर भरला.

रोज सकाळी ती कुणाचा तरी मोबाईल मागून नवऱ्याला फोन लावायची. घरी भांडण झालेलं असलं की तो उचलायचाच नाही. काउंटरपुढे माणसं ताटकळत, आणि ही फोन कानाला लावून उभी. उचललाच तर आधी चौकशी. फोन कोणाचा हाय, बाजूले कोण उभा हाय. एकदा त्यानं मुद्दाम चुकीचे आकडे सांगितले. फोन माझाच होता, त्याचं हसणं मला ऐकू आलं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

साहेबांना म्हटलं, कॉम्प्युटरला लावायची एक छोटी किल्ली मिळते, ती घेतली तर फोनची गरजच राहत नाही.

"एक लड़की के लिए?" ते म्हणाले. "कोड नहीं ला सकती तो घर बैठे."

घर बैठे! नोकरी गेली तर तिला भाजी आणण्याखेरीज बाहेर पडायला दुसरं निमित्त नव्हतं. तिनंच एकदा सांगितलं होतं. म्हणून मी तिच्या खात्यातला नवऱ्याचा नंबर काढला आणि माझा टाकला. मी कोड सांगायचो, ती भरायची, काम सुरू. काही दिवस तर ती गुणगुणत रिपोर्ट लावायची.

मग चहाच्या वेळी कुणीतरी दात काढत म्हणालं, "मैडम का कोड तो अब सर के मोबाइल पे आता है." तिच्या रोजच्या हालांवर यांच्यापैकी एकाचंही तोंड कधी उघडलं नव्हतं. या वाक्याला मात्र पाय फुटले आणि ते थेट तिच्या घरी पोचलं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी नवरा तिला घेऊनच आला. ओरडला नाही. ओरडला असता तर मला बरं वाटलं असतं.

"माह्या बायकोचा कोड तुमच्या फोनवर काहून येऊन राहिला, भैया?"

"तुम्ही फोन उचलत नव्हता म्हणून."

"मी नवरा हावो तिचा. तुम्ही कोन?"

तो प्रश्न आठवला की अजूनही संताप येतो. मी म्हटलं, तिला एक साधा फोन घेऊन द्या, मी आत्ता नंबर बदलतो. तो हसला. फोनवर ऐकलं होतं तेच हसणं.

ती खाली बघत होती. म्हणाली, "भैया, आता कोनाचाच नंबर नका टाकू. माहं खातं बंद करून टाका."

ती दोघं गेल्यावर मी तिचं खातं उघडलं. ते बंद करण्याआधी कॉम्प्युटरला मी मीच असल्याची खात्री हवी होती. माझ्या फोनवर कोड आला. मी कुणालाही न विचारता तो भरला.