टेबलाशी बसलेला माणूस

"ए बाई, बाहेर हो. पाटी वाचता येत नाही?"

बोरीवलीतल्या एका सोसायटीत सेक्रेटरी साहेबांनी माझ्या आक्काला लिफ्टमधून बाहेर काढलं. काम सातव्या मजल्यावर. गुडघे सुजलेले. पाटीवर लिहिलं होतं, घरकामाच्या बायकांनी जिना वापरावा. अक्षर माझं. मी तिथं कारकून होतो. लिफ्टसमोरच माझं टेबल.

आक्कानं पाटीकडे पाहिलं. मग माझ्याकडे.

साहेबांनी विचारलं, "ओळखतोस काय रे हिला?"

"नाही साहेब."

कामवालीचा भाऊ म्हणून मला टेबलावरून उठवतील, ही भीती. इथं ओळख दाखवू नकोस, असं मीच तिला बजावलं होतं. तिनं ते पाळलं. पिशवी उचलली, जिना चढू लागली. मी रजिस्टरात मान घातली.

निवृत्त झाल्यावर मी त्यावर कथा लिहिली. कथा सांगते सातव्या मजल्यावरची बाई. दारात उभी राहून ती कामवालीची धाप ऐकते. तिला घास जात नाही. वाचनालयाच्या स्पर्धेत पहिलं बक्षीस. तिथं मी कथा वाचली, तेव्हा आक्का शेवटच्या रांगेत होती. ऐकणाऱ्या बायका डोळे पुसत होत्या. त्या बाईसाठी.

परीक्षक म्हणाले, "बाईंची घालमेल काय टिपलीय! कामवाली मात्र जरा धूसर राहते."

मी हसून मान डोलावली.

बाहेर आल्यावर आक्का म्हणाली, "त्या बाईचं मन बरं कळलं रे तुला. माझे गुडघे नाही कळले?"

"अगं, गोष्ट आहे ती."

"असू दे ना. मग टेबलाशी बसलेला कुठं गेला त्यात?"

मी बक्षिसाची ढाल या हातातून त्या हातात घेतली.

"चल बक्षीसवाल्या, रिक्षा कर. आज तरी चालवू नकोस मला."

गेल्या वर्षी आक्का गेली. आता वाचनालय निवडक कथांचं पुस्तक काढतंय. तीच कथा हवी म्हणाले. मी ती नव्यानं लिहायला बसलो. आधी आक्काच्या तोंडून. पहिल्याच मजल्यावर अडलो. ती कुठं टेकली, काय पुटपुटत वर गेली, मला ठाऊक नाही. कधी विचारलंच नाही. आता कोणाला विचारू?

मग जुनी कथा पुन्हा वाचली. सातव्या मजल्यावरून तळमजल्यावरचं टेबल दिसत नाही. म्हणून तर मी वाचकाला त्या बाईच्या शेजारी नेऊन उभं केलं होतं. तो तिच्यासाठी रडला. मी सुटलो.

सांगायला माझ्याकडे एकच जागा उरली. ते टेबल.

तिथून लिहिलं, पाठवलं. पुस्तकाचं काम बघणाऱ्या मुलीचा फोन आला. "काका, जुनीच छापू या ना. ह्यात वाचकाला तुमचाच राग येतो."

"यायलाच हवा."

"मग शेवटी माफी तरी मागा."

"कोणाकडे, बाळ?"

ती म्हणाली, "विचारून सांगते."

अजून सांगितलेलं नाही. मी पत्र पाठवून जुनी कथा परत घेतली आहे. बक्षिसाची ढालही परत केली. नवी छापोत, न छापोत. तिचं पहिलं वाक्य मी कोणासाठी बदलणार नाही.

पाटी मी लिहिली होती, आणि ती माझी बहीण होती.