सर्वांना मुक्त प्रवेश

कुंदा गेल्याचा फोन तिच्या मुलाने, नितीनने, सकाळी केला तेव्हा मी डाळ निवडत होते. फोन ठेवला आणि डाळ निवडून संपवली. कुणाला हे विचित्र वाटेल. पण मला जे वाईट वाटायचं होतं ते वर्षभर आधीच वाटून झालं होतं, ती जिवंत असतानाच...

डोंबिवलीत मानपाड्याला आम्ही दोघी एकाच चाळीत शेजारी राहिलो. दोघींचे नवरे एमआयडीसीत कामाला होते, दोघेही आता नाहीत. मी चौथी शिकले. कुंदा मॅट्रिक होती. पुढे शिकायचं राहिलं म्हणून तिने कधी गळा काढला नाही, पण वाण्याच्या पुडीचा कागदसुद्धा ती वाचल्याशिवाय टाकायची नाही. एकदा भाचीच्या प्रवेशासाठी ती ठाण्याला विद्यापीठाच्या कार्यालयात गेली आणि तिथला फलक वाचून आली. राजकारण, अर्थकारण, जगापुढचे प्रश्न, अशी व्याख्यानमाला होती आणि खाली लिहिलं होतं, सर्वांना मुक्त प्रवेश.

"शालू, आपण जाऊ या," ती म्हणाली.

"अगं, सर्वांना म्हणजे त्यांच्यातल्या सर्वांना."

"तसं लिहिलेलं नाहीये. चल."

पहिल्याच दिवशी आम्ही घोळ घातला. प्राध्यापक व्यासपीठावर आले आणि आम्ही दोघी शाळेतल्यासारख्या उठून उभ्या राहिलो. मागच्यांना वाटलं राष्ट्रगीत आहे, तेही उठले. बघता बघता सगळं सभागृह उभं. मग प्राध्यापकही हात सरळ करून उभे राहिले. राष्ट्रगीत काही लागेना. शेवटी कुंदा म्हणाली, "सर, बसा म्हणा ना. तुम्ही म्हटल्याशिवाय आम्ही बसणार कसं?" हशा झाला. मी मान खाली घातली. कुंदाला मात्र लोक का हसतायत तेच कळेना.

त्यानंतर दर व्याख्यानाला आम्ही गेलो. खरं सांगायचं तर मी थंड हवेसाठी आणि नंतरच्या चहासाठी जायचे आणि मधे झोपायचे. कुंदा प्रश्नासाठी जायची. व्याख्यान संपून "कुणाला काही विचारायचंय का" म्हटलं की तिचा हात वर. एकदा एका बाईंनी महागाई आटोक्यात आल्याचं सांगितलं. ही उठली. "म्हणजे स्वस्ताई झाली, की अजून महाग व्हायचं थांबलं?" बाई म्हणाल्या, थांबलं नाही, वेग कमी झाला. आणि मग त्यांनी खडू घेऊन ते फळ्यावर इतकं नीट समजावलं की मीसुद्धा जागी राहिले. कधी कधी तिचा प्रश्न अगदीच भलता असायचा. जगभरच्या देशांची सभा भरते तिथे लोक डुलक्या काढतात का, असंही तिने विचारलेलं आहे. मी तिला चिमटा काढला. पण ते सर म्हणाले, "काढतात, आजी." ती समाधानाने खाली बसली.

मग ती न्हाणीघरात पडली. कमरेचं ऑपरेशन झालं आणि नितीनने तिला आपल्या घरी, घोडबंदर रोडला, बाविसाव्या मजल्यावर नेलं. मुलगा वाईट नाही. कामाला बाई ठेवली, न्हाणीघरात धरायला दांडे बसवले, खोलीत हा एवढा टीव्ही लावला. "आई, आता सगळी व्याख्यानं घरबसल्या." मी भेटायला गेले तर पडद्यावर एक सर तोंड उघडं ठेवून थांबलेले.

"याला काय झालं?"

"मी थांबवलंय. प्रश्न होता माझा."

"मग?"

"मग काय? चालू केलं की ते आपलं पुढचंच बोलतात."

खिडकीतून खाली रस्ता दिसायचा, गाड्या मुंगीएवढ्या. ती तिथे बसून असायची. घरातून निघायचं म्हटलं की नितीन म्हणायचा, रविवारी बघू. रविवार यायचा आणि जायचा.

मार्चमध्ये शहरांवर व्याख्यान होतं. कुंदाने मला फोन करून बोलावून घेतलं, कामवालीला सांगितलं की शालूबरोबर खाली जाते, आणि आम्ही रिक्षात बसलो. वॉकर मधे आडवा. अर्ध्या रस्त्यात रिक्षा थांबली ती थांबलीच. पुढे कुठेतरी ट्रेलर बंद पडला होता. कुंदा प्रश्न घोकत होती.

"सर, माणसं शहरात येतात हे तुम्ही सांगितलंत. पण आलेल्याला बाहेर पडायचं असेल तर वाट कुठून?"

"मला काय ऐकवतेस? मी काय सर आहे?" मी म्हटलं.

रिक्षावाला मागे वळला. "काकी, मी बोलू का? वाटच नाहीये."

कुंदा खूप हसली. त्या वर्षात तिला मी तेवढंच हसताना पाहिलं. मग उन्हं उतरली. धूर येत होता, म्हणून तिने पदर नाकाला लावला. बऱ्याच वेळाने ती म्हणाली, "आता आभार चालू असतील. वळव रे रिक्षा."

"काकी, वळायला तरी जागा पाहिजे ना..."

परत आलो तेव्हा नितीन गेटवर उभा होता. कामवालीने फोन केला म्हणून तो ऑफिसातून निघाला आणि त्याच रस्त्यावर आमच्यासारखाच अडकला होता. रडायच्या बेताला आला होता. "आई, परत पडलीस तर मी काय करू?" त्याने तिथेच वॉचमनला सांगितलं, आजींना एकटं किंवा कुणाबरोबरही सोडायचं नाही, आधी मला विचारायचं. पावसाळ्याच्या तोंडावर ती झोपेतच गेली. न पडता, न लागता.

तेराव्याला जेवणं झाल्यावर नितीन माझ्याजवळ येऊन बसला.

"मावशी, ते चुकलेलं व्याख्यान मी दुसऱ्याच दिवशी टीव्हीवर लावून दिलेलं. तिने बघितलंच नाही."

"तिला बघायचं नव्हतं रे. विचारायचं होतं."

"काय?"

मी प्रश्न जसाच्या तसा सांगितला. त्याने तो नीट ऐकून घेतला. मग म्हणाला, "त्या सरांना मेल करता आला असता की. मला बोलली असती तर..." मी उठले. चपला घातल्या आणि निघाले.

खाली गेटवर वॉचमन नवा होता. त्याने माझ्याकडे बघितलं, मजला विचारला आणि आडवा आला.

"आजी, थांबा. बाविसाव्या मजल्यावरच्या आजींना सोडायचं नाही, ऑर्डर आहे. वर विचारतो."

त्याने फोन लावला. वर पाहुण्यांची गर्दी होती, कुणी उचलेना. समोर रस्ता दिसत होता. त्याने मला त्याची खुर्ची दिली. मी बसले.