अर्थिंगवरचं अळू

आधीच सांगते, मी असल्या गोष्टींवर विश्वास ठेवणारी नाही. भुताखेतांच्या गप्पा रंगल्या की मी उठून चहा टाकायला जाते. मी दौंडला एका लॅबमध्ये टेक्निशियन आहे, रिपोर्ट हातात आल्याशिवाय मला काही पटत नाही. त्यामुळे हे इथे लिहावं की नाही यावर बरेच दिवस घालवले... पण माझ्याकडे ह्याचा रिपोर्टच नाही, म्हणून लिहितेय.

माझं माहेर शिरूर. माझ्या वडिलांच्या, आप्पांच्या पिढीसाठी ते घोडनदीच. मार्केट यार्डाच्या मागे आमचं तीन खोल्यांचं स्लॅबचं घर, पुढे छोटं अंगण, मागे परसदार. आप्पा एसटीत ड्रायव्हर होते. घर बांधलं तेव्हा वायरमनने मागच्या भिंतीलगत अर्थिंगचा खड्डा घेतला, त्यात कोळसा-मीठ भरून लोखंडी पाइप पुरला आणि आप्पांना सांगितलं, "उन्हाळ्यात आठवड्यातून एकदा ह्यात बादलीभर पाणी घालत जा."

झालं! आप्पांनी ते वाक्य असं धरलं की उन्हाळा नाही, आठवडा नाही... रोज आंघोळ झाली की टॉवेल गुंडाळूनच उरलेलं पाणी घेऊन मागच्या दाराने खड्ड्याकडे. आम्ही विचारायचो, आप्पा, रोज कशाला? तर म्हणायचे, "मातीला तहान लागली का करंट माणसाला धरतोय. पाजलं पायजे तिला." आई चिडवायची, "माझी तुळस ऱ्हाती कोरडी आन् ह्यांची खड्डादेवी ओलीचिंब!"

पाणी वाया जायला नको म्हणून आईनेच मग त्या खड्ड्याभोवती अळू लावलं. ते असं माजलं की आळीत सगळ्यांकडे आमच्या पानांच्या वड्या व्हायच्या. खाज मात्र भलती. चिंच कितीही घाला, घसा खवखवायचाच. माझ्या लहानपणाची चव विचाराल तर हीच, आंबट-तिखट आणि वर खवखव.

गेल्या दिवाळीनंतर आप्पा गेले. मी आईला दौंडला घेऊन आले. निघताना नळाचा बाहेरचा कॉक मी स्वतः बंद केला, टाकी रिकामी केली, मेन स्विच पाडला, कुलूप लावलं आणि दोन्ही किल्ल्या माझ्या पर्समध्ये टाकल्या.

आईचा जीव दौंडला रमेना. मे उजाडला तसं तिने रोजचं टुमणं लावलं, "मला माझ्या घरी नेऊन सोड." माझी एकच अट होती, आधी वायरिंग बदलायचं. घरात अजून लाकडी पट्ट्यांवरच्या वायरी, चिनीमातीचे फ्यूज आणि काळी गोल बटणं. फ्रिज बिनअर्थिंगच्या टू-पिनवर, हात लावला तर झिणझिण्या यायच्या. आणि आमच्या मातोश्री प्रत्येक बटण ओल्या हाताने दाबणार!

शेवटी एका सकाळी न्हावऱ्यामार्गे आम्ही दोघी शिरूरला आलो. वायरमन सलीमभाई मागाहून येणार होते. कुलूप काढलं. अंगणातली जाई वाळून गेलेली, तुळशीच्या नुसत्या काड्या उरलेल्या. आईने वृंदावनाला हात लावला आणि रडली. मी तिला तोंड धुवायला पाणी द्यावं म्हणून कॉक उघडायला मागच्या दाराने गेले, आणि तिथेच थांबले.

अळू हिरवंगार होतं. सुपाएवढी पानं! खालची माती काळी, ओली... कुणीतरी नुकतंच पाणी घालून गेल्यासारखी. आणि हातभर अंतरावर जमिनीला भेगा पडलेल्या.

मी आईला हाक मारणार, तेवढ्यात आतून फट्‌ असा आवाज आला. धावत गेले. आईने उकडतंय म्हणून मेन चालू केला होता आणि बाटलीतल्या पाण्याने ओल्या केलेल्या फडक्याने आमचा जुना पत्र्याचा कूलर पुसून तो लावला होता. तिचा ओला तळवा अजून त्या पत्र्यावरच होता. मी आधी मेन पाडला आणि तिला बाजूला घेतलं.

"काय न्हाई गं झालं," ती म्हणाली, "चटका लागल्यागत झालं आन् लाईटच गेली बघ."

सलीमभाईंनी आल्यावर कूलर उघडला. आतली वायर घासून उघडी पडलेली, पत्र्याला चिकटलेली. त्यांनी फ्यूज पाहिला आणि कपाळाचा घाम पुसला.

"काकू, अर्थिंग चांगलं व्हतं म्हणून फ्यूज उडाला. कोरडं असतं तर उडालाच नसता. सगळा करंट तुमच्यातनं गेला असता. पाणी कोण घालतं हो त्याला?"

"कुणीच नाही," मी म्हटलं. "घर बंद होतं."

"असं कसं, ताई? पाइप लीक असंल."

त्यांनी पहार घेऊन भिंतीकडेने खणून पाहिलं. नळाचा पाइप पलीकडच्या बाजूला, ठणठणीत कोरडा. मी शेजारच्या काकूंना विचारलं. त्या म्हणाल्या, "तुझ्या त्या काचा लावलेल्या भिंतीवरून कोण उडी मारतंय, बाई?" सलीमभाईंनी खणलेलं बुजवलं. "माझ्या डोक्याच्या भायेरचं हाय हे," एवढंच म्हणाले आणि कामाला लागले.

संध्याकाळी आईने त्याच पानांच्या वड्या केल्या. पहिला घास घेतला आणि घसा खवखवला. अगदी तसाच. मी ताटावर बसून लहान पोरीसारखी रडले.

काम पुरं व्हायला आठवडा गेला. पट्ट्या निघाल्या, पाइपातून नव्या वायरी गेल्या, फ्यूजच्या जागी एमसीबी बसले आणि करंट गळायला लागला की क्षणात लाईट तोडणारा आरसीसीबीही बसला. पुढच्या अंगणात नवीन केमिकल अर्थिंग झालं. "ह्याला रोज पाणी घालायची कटकट नाय," सलीमभाई म्हणाले, तेव्हा आईचा चेहरा उतरला. आरसीसीबीवरचं टेस्टचं बटण दाखवून त्यांनी तिला बजावलं, "काकू, महिन्यातून एकदा हे दाबायचं. लाईट गेली पायजे. गेली म्हंजी तुम्ही सेफ."

आईने लगेच दाबून पाहिलं. टक्‌... घरभर अंधार झाला, खटका वर केल्यावर परत उजेड आला आणि आम्ही हसलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी अळू जमिनीवर लोळत होतं. सगळंच्या सगळं. मी पाणी घातलं, रोज घातलं. पानं पिवळी पडत गेली आणि देठ सुकले. एके दिवशी आईने माझ्या हातातली बादली काढून घेतली.

"नगं घालूस आता. रिटायर झाल्यावर बी डेपोत जाऊन बसायचं त्ये. आता कुठं ड्युटी सुटली त्यांची... जाऊ दे त्यांना."

तुमच्यापैकी कुणी म्हणेल, शेजारच्या सांडपाण्याची ओल असेल. मीही तसंच म्हटलं असतं. पण मग बाजूला भेगा का होत्या, आणि नवीन अर्थिंग झाल्यावर मी बादल्या ओतूनही अळू का जगलं नाही? मला माहीत नाही. खरंच माहीत नाही.

आई आता तिच्या घरी आहे, मजेत आहे. सकाळी तिचा फोन येतो, "आंघोळ झाली. बटण दाबलं. लाईट गेली, परत आली."

"आई, महिन्यातून एकदा सांगितलंय गं! रोज कशाला?"

"तुझं आप्पा तरी कुठं आठवड्यानं घालत व्हते?"