टाकी कोरडी, फरशी ओली

गल्लीत तिला सगळे ‘तार’ म्हणत. अंगाने लांब आणि बारीक, आणि स्वभावही तसाच. कोणी जरा जास्त पिळलं की तुटायची, आणि तुटताना फटका समोरच्याच्या तोंडावर बसायचा. धंदा व्हायोलिन, चेलो असली तारांची वाद्यं दुरुस्त करायचा. हे काम ती वडिलांच्या हाताखाली शिकली. लग्न केलं नाही. एका मावशीने फारच लावून धरलं तेव्हा तिने विचारलं होतं, “आपल्या नात्यात लग्न करून सुखी झालेलं एक माणूस दाखवा, मग बघू.” मावशी विचारात पडली ती पुन्हा त्या विषयावर आली नाही.

तळमजल्यावरचं तीन खोल्यांचं घर भावाचं आणि तिचं मिळून होतं. भाऊ होता तोवर तो बहीण आणि बायको, दोघींच्या मध्ये उभा असायचा, इकडचं बोलणं तिकडे पोचू द्यायचा नाही. तो गेला आणि तार आणि तिची वहिनी समोरासमोर आल्या. विळ्या-भोपळ्याचं सख्य. भांडण मात्र कायम ‘अहो-जाहो’तलं. “ताई, तुमचा सरसाचा वास माझ्या चहात येतो.” “मग वहिनी, चहा जरा चांगल्या पावडरीचा आणा, वास दबेल.”

घर दमट होतं. मागची भिंत चढाच्या मातीला टेकलेली, तिचा रंग पापुद्र्यांनी सुटायचा, कपाटातल्या चपलांवर बुरशी यायची. वहिनीला दमा. दुसऱ्या शहरात नोकरी करणाऱ्या तिच्या मुलाने शेवटी हवेतला ओलावा काढणारं यंत्र पाठवलं. उंचीला गुडघ्याच्या वर, खाली चाकं. ते हवा आत ओढायचं, आतल्या गार नळ्यांवर तिच्यातल्या ओलाव्याचं पाणी व्हायचं, आणि थेंब थेंब खालच्या टाकीत पडायचं. वहिनीने ते स्वतःच्या खोलीत ठेवलं, भिंतीला टेकलेल्या कपाटाला पाठ लावून. त्या कपाटामागे एक कायमचं बंद केलेलं दार होतं, आणि दारापलीकडे तारेची कामाची खोली.

पहिल्यांदा टाकी भरली तेव्हा वहिनी ती दोन्ही हातांनी उचलून तारेच्या दारात आली.

“बघा ताई, एवढं पाणी रोज माझ्या छातीत जात होतं.”

“छातीतलं नाही ते,” तार कानस खाली न ठेवता म्हणाली. “माझ्या लाकडातलं ओढलंय. लाकूड फार सुकलं की तडकतं. तडकलं की लोक माझ्या नावाने बोंब मारतात, तुमच्या नाही.”

“म्हणजे मी धापा टाकत बसू, आणि तुमच्या फळ्या गुबगुबीत राहू देत.”

“मी असं म्हटलं नाही. पण तुम्हाला बरोबर समजलं.”

तेव्हापासून एक मुकी लढाई सुरू झाली. वहिनी बाजारात गेली की तार तिच्या खोलीत शिरायची, यंत्र वायर पुरेल तेवढं कपाटापासून लांब, खिडकीकडे ओढायची. वहिनी परत आली की पिशवी खाली ठेवायच्या आधी ते पायाने रेटत पुन्हा कपाटाला नेऊन भिडवायची. त्याबद्दल दोघीही एक शब्द काढत नसत.

आणि मग टाकी भरायची थांबली. यंत्र घरघरत होतं, पुढून कोमट वारा येत होता, पण टाकी बाहेर काढावी तर कोरडी ठणठणीत. वहिनीने मुलाला फोन लावला.

“टाकी नीट आत बसलीये का? नीट बसली नाही तर ते चालत नाही.”

“चालतंय रे. चांगलं चालतंय.”

“बाजूची जाळी धुळीने भरली असेल.”

वहिनीने जाळी काढली, नळाखाली धुतली, वाळवून बसवली. टाकी कोरडी. ओलाव्याचा आकडा किती ठेवलाय, हे मुलाने विचारलं. तो होता तिथेच होता. खिडकी बंद होती. मग तो म्हणाला, “खोली गार असेल तर आतल्या नळ्यांवर बर्फ धरतो. जाळी काढून टॉर्चने बघ.”

वहिनी वाकून, एक डोळा मिटून आत बघत राहिली. “बर्फ नाही. थेंब दिसताहेत. ओघळताहेत.”

“मग आई, पाणी तयार होतंय. जातंय कुठे?”

“कुठे जातंय ते मला ठाऊक आहे,” वहिनी म्हणाली, बंद दाराला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने.

तिची खात्री पटली की तार गुपचूप टाकी रिकामी करते, यंत्र बिघडलंय असं वाटून ते परत पाठवलं जावं म्हणून. तिने टाकीच्या मुठीला पांढरा दोरा बांधला. संध्याकाळी बघितलं तर दोरा जागच्या जागी, टाकी कोरडी. दुसरी कोणी गोंधळली असती. वहिनी शेजारणीला म्हणाली, “सोडून पुन्हा बांधला असणार. गाठी मारण्यात तर आयुष्य गेलंय तिचं.”

इकडे तारेच्या खोलीत वेगळंच चाललं होतं. बंद दाराजवळची फरशी सकाळी ओली लागायची. ती पुसायची, दुपारी पुन्हा ओली. फरशी पुसताना वहिनी मुद्दाम पाणी दाराखालून लोटते, असं तिने ठरवून टाकलं. बोलायला गेली नाही. माणूस पाण्यात पाहतं म्हणतात, ते इतकं शब्दशः असेल असं वाटलं नव्हतं, एवढं मात्र ती एका गिऱ्हाइकाला म्हणाली.

त्याच दाराशी संगीताच्या मास्तरांचा चेलो कापडी खोळीत उभा होता. व्हायोलिनचाच थोरला भाऊ, जमिनीवर टेकवून वाजवायचा. मास्तर तिच्या वडिलांच्या वेळेपासूनचे. ते न्यायला येणार म्हणून तिने खोळ उचलली, तर तळ भिजून जड झालेला. आत वाद्याच्या खालच्या कडेचा सरस पाण्याने विरघळला होता. पाठीची फळी बोट जाईल इतकी सुटून वर आली होती.

तार तो चेलो लहान मुलासारखा कवेत घेऊन वहिनीच्या खोलीत गेली.

“माझ्यावर राग असेल तर माझ्या अंगावर बादली ओता. दुसऱ्याच्या वस्तूवर का?”

“मी ओतते?” वहिनी पलंगावरून उठली. “माझं स्वतःचं पाणी मला सापडत नाहीये, ताई. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? तुम्ही सांगा, रोज टाकी नेऊन कुठे उपडी करता?”

“तुमच्या टाकीला मी बोट लावलेलं नाही.”

“यंत्राला लावता ना. रोज खिडकीशी कोण नेतं, मांजर?”

“आणि मग हे पाणी कुठून आलं? भिंतीला घाम फुटला?”

“कपाट हलवा आणि बघा. माझ्या बाजूची फरशी कोरडी आहे. होऊन जाऊ द्या.”

तारेने चेलो पलंगावर आडवा ठेवला. यंत्र बाजूला घेऊन दोघींनी कपाटाला खांदा लावला. भाऊ गेल्यानंतर दोघींनी मिळून केलेलं ते पहिलंच काम, तेही एकमेकींना खोटं पाडायला. कपाट सरकलं. त्याच्या जागेवर फरशीवर पाण्याचा पट्टा होता, तो उतार धरून थेट बंद दाराखाली गेला होता.

वळून दोघींनी यंत्राच्या पाठीकडे बघितलं. टाकीच्या वर, मागच्या बाजूला बोटाएवढं भोक होतं. नळी जोडून पाणी परस्पर मोरीत सोडायचं असेल तर वापरायचं. एरवी त्यावर रबरी बूच असतं. आता नव्हतं. दोघी बघत असताना तिथून एक थेंब पडला, मग दुसरा.

बूच कपाटाच्या पायापाशी सापडलं, धुळीत लोळलेलं.

तारेने ते उचलून त्यावर फुंकर मारली. मग वहिनी म्हणाली, “तुमच्या ओढाओढीत निघालं.”

“ओढताना मागचं बूच निघत नाही. कपाटावर नेऊन आपटताना निघतं.”

“तुम्ही ओढलं नसतं तर मला रेटावं लागलं नसतं.”

“तुम्ही जगायला वेगळं घर घेतलं असतं तर मला ओढावंच लागलं नसतं.”

वहिनीला तिथेच खोकल्याची उबळ आली. तार पाण्याचा पेला आणून पलंगाजवळ आदळून गेली. मागे वळून बघितलं नाही.

चेलो तिने पूर्ण उघडून पुन्हा चिकटवला. मास्तरांना घडलं ते सगळं सांगितलं. त्यांनी वाजवून बघितला, आवाज पूर्वीसारखाच आहे असं म्हणाले, आणि नंतर ते कधीच कुठलं वाद्य घेऊन आले नाहीत. बाजारातल्या दुसऱ्या कारागिराकडे जातात असं तिच्या कानावर आलं. त्याचं खापर तिने वहिनीच्या डोक्यावर फोडलं ते कायमचं. वहिनीने आपल्या परीने सांगून ठेवलं, की माफी मागायची तर आधी ताईंनी, त्या मोठ्या आहेत.

पुढे तारेने कामाची खोली सोडली आणि कोपऱ्यावरच्या छापखान्याच्या माळ्यावर जागा घेतली. वाद्यं तिकडे गेली. वहिनी शेजाऱ्यांना म्हणाली, घर मोकळं झालं. तिचा दमा खरोखर कमी झाला आणि तिची जीभ पुन्हा ताजी झाली.

झोपायला तार घरीच येते. बूच लावल्यापासून टाकी रोज भरते, आणि भरली की यंत्र बंद पडून चिरका आवाज करत राहतं. वहिनीला तो ऐकू येतो, पण ती उठत नाही. तारेला तो सहन होत नाही, कारण तो कुठल्याच सुरात नाही. म्हणून सकाळी निघताना टाकी तीच मोरीत रिकामी करते, परत ठोकून बसवते, आणि दारातून ओरडून विचारते, “वहिनी, मेलात का?”

“नाही,” आतून उत्तर येतं. “तुमच्या आधी नाही.”