न थांबणारा सर्व्हर

दसऱ्याला झेंडूचा वास आला की आमच्या कॉलेजातली ती गरम, घरघरणारी मशीन आठवते. कॉलेजच्या वेबसाइटचं काम माझ्याकडे होतं आणि तिच्यासाठी दोन सर्व्हर सॉफ्टवेअर समोर होती. एक जास्त सुरक्षित, पण अपडेटसाठी सारखं थांबवावं लागे. दुसरं कधी बंदच पडत नसे. मी तेच निवडलं.

मशीनला कुंकू लावताना ऑफिसातल्या वनिता मॅडम म्हणाल्या, “सर, आज तरी याले बंद करून अपडेट करा. दसऱ्याले विळाबी आराम करते.”

“मॅडम, वर्षभरात एकदाही थांबला नाई हा,” मी ऐटीत म्हणालो.

दिवाळीआधीच कोणीतरी अपडेट न केलेल्या त्या सर्व्हरमध्ये शिरून त्यात साठवलेले मुलींचे फोन नंबर पळवले. त्यांना भलतेसलते फोन येऊ लागले. अल्लीपूरच्या एकीचं कॉलेज घरच्यांनी बंद केलं.

सर्व्हर मात्र तेव्हाही चालूच होता.